अंघोळीचे टॉवेल घरी कसे धुवावेत आणि कसे वाळवावेत

धुतलेल्या टॉवेलला कुबट वास येऊ लागला, अंग पुसताना तो पाणी न टिपता नुसता घसरू लागला किंवा वाळल्यावर ताठ होऊ लागला, की बहुतेक घरांत एकच उपाय केला जातो. पुढच्या धुण्याला पावडर वाढवली जाते आणि शेवटच्या पाण्यात सुगंधी फॅब्रिक कंडिशनरचे झाकणभर द्रव ओतले जाते. या दोन्ही गोष्टींनी टॉवेल सुधारत नाही, उलट आणखी बिघडतो. टॉवेलच्या जवळजवळ सगळ्या तक्रारींचे मूळ दोनच ठिकाणी असते: धाग्यांच्या फासांत अडकून राहिलेला साबण आणि वाळायला लागलेला जास्तीचा वेळ. म्हणून या लेखातील पद्धतीचे सूत्र असे आहे की पावडर कमी करावी, पाणी वाढवावे आणि धुतल्यापासून वाळेपर्यंतचा वेळ शक्य तितका तोडावा. पायऱ्यांचा क्रम महत्त्वाचा आहे आणि बहुतेकांची चूक तिथेच होते.

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत पाणी आणि हवा गावागणिक बदलते. नळाला धरणाचे किंवा नदीचे पाणी येणाऱ्या घराला जी पद्धत पुरेशी पडते, ती जतकडे किंवा माण-खटावमध्ये बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या घराला पुरत नाही. मे महिन्यात तासगावच्या गच्चीवर दोन-तीन तासांत वाळणारा टॉवेल जुलैमध्ये पाटणला किंवा मेढ्याला दोन दिवस ओला राहतो. त्यामुळे आधी स्वतःच्या घरचे पाणी ओळखावे आणि मगच पुढे जावे.

१. पाणी जड आहे की हलके, हे आधी पाहावे

जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. साबण त्यांच्याशी मिळून न विरघळणारा चिकट साका तयार करतो आणि तो टॉवेलच्या फासांत जाऊन बसतो. डिटर्जंट पावडरचा असा साका साबणाइतका होत नाही, परंतु तिचेही काम जड पाण्यात मंदावते. मग फेस येत नाही म्हणून माणूस आणखी पावडर घालतो आणि ती जास्तीची पावडर खळबळून निघत नाही.

घरच्या घरी पाहण्याची रीत सोपी आहे. एका पारदर्शक बाटलीत तिसऱ्या हिश्शापर्यंत पाणी घ्यावे, त्यात अंगाच्या साबणाचा चिमूटभर कीस टाकावा, झाकण लावून जोरात हलवावे आणि बाटली ठेवून द्यावी. वर दाट फेस टिकला आणि खालचे पाणी बऱ्यापैकी स्वच्छ राहिले, तर पाणी हलके आहे. फेस लगेच बसला आणि पाण्यात पांढरट कण तरंगू लागले, तर पाणी जड आहे. गिझरच्या कॉइलवर खडूसारखा थर बसणे, नळाच्या तोंडाशी पांढरी खपली धरणे आणि स्टीलच्या बादलीवर डाग राहणे, याही त्याच खुणा आहेत.

पाणी जड असेल, तर पावडर वाढवू नये. त्याऐवजी बादलीभर पाण्यात एक मोठा चमचा धुण्याचा सोडा आधी विरघळवावा आणि त्यानंतर नेहमीची पावडर घालावी. सोड्यामुळे क्षार बाजूला पडतात आणि थोडी पावडर पुरते. घरात नळाचे आणि बोअरचे अशी दोन्ही पाणी असतील, तर धुण्याला बोअरचे वापरले तरी चालेल, पण शेवटचे खळबळणे नळाच्या पाण्यातच करावे. नळाला दिवसाआड पाणी येत असेल, तर टॉवेलचा दिवस पाण्याच्या दिवसाशी जुळवून घ्यावा, कारण टॉवेलला इतर कपड्यांपेक्षा खळबळायला जास्त पाणी लागते आणि तिथे काटकसर करता येत नाही.

सावधान: धुण्याचा सोडा आणि खाण्याचा सोडा हे वेगळे पदार्थ आहेत. खाण्याचा सोडा या कामाला फार सौम्य पडतो. धुण्याच्या सोड्याने हाताची त्वचा कोरडी पडते आणि आग होते, म्हणून रबरी हातमोजे घालावेत.

२. भिजवण्यापूर्वी टॉवेल वेगळे काढावेत आणि डाग पाहावेत

टॉवेल साड्या, शर्ट आणि ओढण्यांबरोबर धुऊ नयेत. टॉवेलची लव इतर कपड्यांना चिकटते आणि त्या कपड्यांचे हुक, चेन व बटणे टॉवेलचे फास ओढून काढतात. पांढरे व फिके टॉवेल एका घाण्यात आणि गडद टॉवेल दुसऱ्या घाण्यात घ्यावेत.

नवीन टॉवेल दुकानातून आणल्यावर थेट अंगाला लावू नये. दुकानात तो मऊ आणि चमकदार वाटावा म्हणून त्यावर प्रक्रिया केलेली असते आणि तिच्यामुळे पाणी टिपले जात नाही. असा टॉवेल एकटाच, थोड्या पावडरीत दोन-तीन वेळा धुतल्यावर खऱ्या अर्थाने वापरायोग्य होतो. सोलापुरी टॉवेललाही हा नियम लागू आहे. रंग पक्का व्हावा म्हणून नवा टॉवेल मिठाच्या पाण्यात ठेवण्याची पद्धत आहे, परंतु कारखान्यात रंगवून आलेल्या कापडाचा रंग घरच्या मिठाने पक्का होत नाही. रंग सुटणे थांबेपर्यंत तो वेगळा धुणे एवढाच त्यावर उपाय आहे.

डागांच्या बाबतीत पाणी लावण्याआधीच विचार करावा लागतो.

तेल: डोक्याला खोबरेल लावून न्हाण्याची सवय असलेल्या घरांत टॉवेलच्या वासाचे मोठे कारण तेल असते, आणि दिवाळीच्या अभ्यंगानंतर तर ते हमखास असते. फासांत राहिलेले तेल हळूहळू खवट होते आणि वाळलेल्या टॉवेललाही वास मारतो. तेलकट भाग कोरडा असतानाच त्यावर भांडी घासण्याच्या लिक्विडचे काही थेंब टाकून बोटांनी चोळावेत, दहा मिनिटे थांबावे आणि मगच टॉवेल पाण्यात घालावा. आधी पाणी लागले, तर लिक्विड पातळ होऊन त्याचा जोर जातो. तेल लागलेला टॉवेल कपडे वाळवण्याच्या गरम ड्रायरमध्ये कधीही टाकू नये, कारण तेल तापून पेट घेण्याचा धोका असतो.

हळद: सांगलीत हळदीची ओळख वेगळी करून द्यायला नको. लग्नघरातून आलेला पिवळा टॉवेल पावडरीच्या किंवा सोड्याच्या पाण्यात गेला, की डाग एकदम लालसर होतो आणि लोक घाबरून तो घासत सुटतात. हळदीतील रंगद्रव्य क्षारयुक्त पाण्यात लाल होते आणि चांगले खळबळल्यावर पुन्हा पिवळे दिसते, त्यामुळे नुकसान झाले असे समजू नये. हळदीचा डाग खरा घालवते ते ऊन. डाग नेहमीसारखा धुऊन टॉवेल ओला असतानाच डागाची बाजू उन्हाकडे करून वाळत घालावा. एका उन्हात डाग फिका होतो आणि दोन-तीन उन्हांत बहुधा नाहीसा होतो.

रक्त: फक्त थंड पाणी वापरावे. गरम पाण्याने डाग धाग्यात बसतो.

मेंदी आणि केसांचा कलप: हे डाग बहुधा जात नाहीत. त्यासाठी एक जुना गडद टॉवेल वेगळा ठेवणेच शहाणपणाचे आहे. मुरुमांवरच्या काही मलमांत बेन्झॉइल पेरॉक्साइड असते आणि त्यामुळे रंगीत टॉवेलवर फिके चट्टे पडतात. तो डाग नसून उडालेला रंग असतो, म्हणून कितीही धुतले तरी चट्टा जात नाही.

घरात कोणाला गजकर्ण किंवा नायटा झाला असेल, तर त्या व्यक्तीचा टॉवेल पूर्ण वेगळा असावा. तो रोज बदलावा, सुमारे 60 अंश सेल्सियसच्या गरम पाण्यात धुवावा आणि कडक उन्हात वाळवावा. एकच टॉवेल दोघांनी वापरल्यामुळे घरातल्या घरात हा संसर्ग फिरत राहतो. औषध चालू असूनही तो पुन्हा उद्भवत असेल, तर डॉक्टरांना दाखवताना टॉवेलची सवयही सांगावी.

३. साठलेला साबण काढणे (गरज असेल तरच)

ही पायरी दर वेळी करायची नाही. गरज आहे का, हे आधी पाहावे.

तपासणी: वाळलेल्या टॉवेलवर बोटांनी पाण्याचे चार-पाच थेंब शिंपडावेत. थेंब लगेच आत शिरले, तर टॉवेल ठीक आहे. ते क्षणभर मोत्यांसारखे वरच थांबले, तर धाग्यांवर कशाचा तरी लेप आहे. दुसरी खूण म्हणजे धुतलेला टॉवेल नुसत्या गरम पाण्याच्या बादलीत बुडवून हाताने दाबावा. पावडर न घालताही फेस आला, तर तो मागच्या धुण्यांचा साबण आहे.

साधारण 20 लिटरच्या बादलीत गरम पाणी घ्यावे. उकळते पाणी आणि साधे पाणी निम्मे-निम्मे मिसळले, की ते 60 अंशांच्या आसपास येते. पांढऱ्या सुती टॉवेलला हे तापमान सोसते. गडद रंगांसाठी हाताला सोसेल इतपतच, म्हणजे सुमारे 40 अंशांचे पाणी घ्यावे. गच्चीवर सोलर असेल, तर त्याचे पाणी या कामाला उत्तम आणि बंबाचे पाणीही तितकेच चांगले. त्यात दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा पूर्ण विरघळू द्यावा, एका बादलीत जास्तीत जास्त दोन टॉवेल बुडवावेत आणि एक ते दोन तास तसेच ठेवावेत. मधून दोन-तीनदा काठीने वरखाली करावेत.

मिरजेच्या बाजूला बोअरच्या पाण्यावर धुतलेल्या टॉवेलचे हे काम जवळून पाहण्यासारखे असते. वाळलेला टॉवेल दोन्ही हातांत धरून उजेडाकडे केला, तर फासांच्या मुळाशी पांढरी भुकटी दिसते आणि बोट फिरवले की ती खरखरते. सोड्याच्या पाण्यात तासभर गेल्यावर वरवर स्वच्छ असलेल्या त्या टॉवेलखालचे पाणी ताकासारखे पांढरट झालेले असते. ते पाणी फेकून टॉवेल साध्या पाण्यातून दोनदा काढावा.

जड पाण्याचे क्षार सोड्याने पूर्ण निघत नाहीत, त्यांना आंबट पदार्थ लागतो. म्हणून सोडा पूर्ण खळबळून काढल्यानंतर स्वच्छ पाण्याच्या दुसऱ्या बादलीत अर्धी वाटी पांढरे व्हिनेगर किंवा किराणा दुकानात लिंबूफूल म्हणून मिळणारे सायट्रिक अॅसिड एक चहाचा चमचा घालून टॉवेल अर्धा तास ठेवावा आणि पुन्हा साध्या पाण्यातून काढावा.

नेहमीची चूक: सोडा आणि व्हिनेगर एकाच बादलीत घालणे. फसफसून फेस येतो आणि काहीतरी जोरदार काम चालले आहे असे वाटते, पण दोघे एकमेकांना निकामी करतात आणि उरते जवळपास साधे पाणी. सोडा आधी, मग खळबळणे, मग आंबट पाणी, हा क्रम बदलू नये.

सावधान: व्हिनेगर किंवा कोणतेही आम्ल आणि क्लोरीनचे ब्लीच एकत्र आले, तर विषारी क्लोरीन वायू तयार होतो. ज्या बादलीत ब्लीच वापरले होते, ती धुतल्याशिवाय तिच्यात व्हिनेगर घालू नये. मुळात टॉवेलसाठी क्लोरीनचे ब्लीच टाळलेलेच बरे, कारण त्याने सुती धागा कमजोर होतो आणि रंग उडतो.

टॉवेल रात्रभर भिजत घालण्याची सवयही सोडावी. कोमट पाण्यात आठ-दहा तास पडलेल्या टॉवेलमध्ये जिवाणू वाढतात आणि जो वास घालवायचा, तोच पक्का होतो.

४. धुणे

मध्यम जाडीचा, 70 बाय 140 सेंटिमीटरचा टॉवेल कोरडा असताना सुमारे साडेचारशे ग्रॅम भरतो आणि पाणी पिऊन न पिळता दीड-दोन किलोंवर जातो. मशिनमध्ये पाच-सहा टॉवेल कोंबले, की ते गोळा होऊन फिरतात आणि पाणी आतपर्यंत जात नाही, याचे कारण हेच आहे. कोरडे टॉवेल टाकल्यावर ड्रममध्ये वर किमान वीतभर जागा मोकळी दिसली पाहिजे.

हाताने धुताना: पावडर पाण्यात आधी पूर्ण विरघळवावी. टॉवेलवर कोरडी पावडर टाकू नये, आणि वडी तर टॉवेलवर घासूच नये. धुण्याच्या वड्यांमध्ये वडी घट्ट राहावी म्हणून न विरघळणारी खनिज भुकटी घातलेली असते आणि ती फासांत अडकते. टॉवेल पंधरा-वीस मिनिटे भिजवून नंतर दोन्ही हातांनी दाबत, सोडत, उलटत धुवावा. दगडावर आपटू नये आणि ब्रशने घासू नये. सतरंजीला किंवा गोधडीला आपटणे चालते. टॉवेलचे फास मात्र आपटण्याने ओढले जातात आणि ब्रशने तुटतात. काठाकडचा भाग जास्त मळलेला असतो, तेवढाच मुठीत धरून चोळावा.

सेमी-ऑटोमॅटिक मशिनमध्ये: आपल्या भागातील बहुतेक घरांत हेच मशिन असते आणि टॉवेलसाठी ते चांगले आहे, कारण पाणी किती घ्यायचे ते आपल्या हातात राहते. पाणी वरच्या खुणेपर्यंत भरावे. पाकिटावर तितक्या कपड्यांसाठी जेवढी पावडर लिहिली असेल, तिच्या निम्म्याने सुरुवात करावी. दहा मिनिटे धुणे पुरे होते. त्यानंतर लोक थेट स्वच्छ पाणी भरतात आणि इथे एक पायरी निसटते. साबणाचे पाणी सोडून दिल्यावर टॉवेल आधी एक-दोन मिनिटे स्पिन करावेत आणि मग खळबळायला घ्यावेत. फासांत धरून राहिलेले साबणाचे पाणी या फिरण्याने बाहेर पडते. हे केले नाही, तर तेच पाणी स्वच्छ पाण्यात मिसळते आणि तीनदा खळबळूनही फेस येत राहतो.

पूर्ण ऑटोमॅटिक मशिनमध्ये: जादा खळबळण्याचा पर्याय निवडावा. वजनावरून पाणी ठरवणारे मशिन कोरड्या टॉवेलसाठी बरेचदा कमी पाणी घेते. समोरून उघडणाऱ्या मशिनला कमी फेसाची, त्या मशिनसाठी असलेलीच पावडर लागते. हाताने धुण्याच्या पावडरीचा फेस तिथे आवरत नाही आणि तो टॉवेलमध्येच राहतो.

पाण्याच्या तापमानाबद्दल माझे मत असे आहे की रोजच्या टॉवेलला 40 अंश पुरेसे आहेत आणि महिन्यातून एखादे धुणे 60 अंशांवर करावे. पांढऱ्या टॉवेलवर पिवळट झाक आली असेल, तर त्या गरम धुण्यात ऑक्सिजन ब्लीच म्हणजे सोडियम परकार्बोनेट असलेली पावडर घालावी. ती थंड पाण्यात फारशी काम करत नाही, म्हणून लोक तिला नावे ठेवतात. जंतुनाशक द्रवाचे झाकण ओतण्याने मात्र फारसे साधत नाही, कारण वासाचे जिवाणू ज्या तेल-साबणाच्या थरात राहतात, तो थर तसाच उरतो.

५. खळबळणे आणि पाणी काढणे

टॉवेल किती वेळा खळबळावा, याला ठरलेला आकडा नाही. शेवटच्या पाण्यात टॉवेल दाबून सोडल्यावर बुडबुडे वर येऊ नयेत आणि पाणी ढवळल्यावर तळ स्पष्ट दिसावा, ही खरी कसोटी आहे. निम्म्या पावडरीला बहुधा दोन पाणी पुरतात.

फॅब्रिक कंडिशनर टॉवेलला अजिबात घालू नये. त्याचा गुण धाग्यांवर स्निग्ध लेप चढवण्याचा आहे. त्यामुळे हाताला मऊ लागते आणि त्याच लेपामुळे पाणी टिपले जात नाही.

हाताने धुतलेला टॉवेल दोघांनी दोन टोके धरून दोरासारखा पिळण्याची पद्धत आहे. तिने शिवण उसवते आणि काठ वेडावाकडा होतो. टॉवेलची चौपदरी घडी करून ती नळावर किंवा धुण्याच्या कट्ट्यावर ठेवावी आणि तळहातांनी दाबत पाणी काढावे. स्पिनमध्ये घालताना टॉवेल भांड्याच्या कडेने गोल, सारखे बसवावेत आणि वरून जाळीचे झाकण दाबून लावावे. एका बाजूला जड गोळा झाला, की यंत्र धडधडते आणि पाणी नीट निघत नाही. तसे झाल्यास थांबवून पुन्हा बसवावे.

सावधान: स्पिन संपल्यावर टॉवेल मशिनमध्ये ठेवू नयेत. वीज गेली, पाहुणे आले किंवा दुपार झाली म्हणून दोन-तीन तास पडलेले ओले टॉवेल वासाला सुरुवात करतात. या कुबट वासामागे मोराक्सेला ओस्लोएन्सिस नावाचा जिवाणू प्रामुख्याने असतो. तो धुण्यातून पूर्ण जात नाही आणि ओल टिकली की पुन्हा वाढतो. म्हणून टॉवेल सकाळी लवकर धुवावेत आणि दोरी मोकळी आहे याची खात्री करूनच मशिन लावावे.

६. वाळत घालणे

दोरीवर टाकण्याआधी प्रत्येक टॉवेल दोन कोपऱ्यांनी धरून जोरात पाच-सहा वेळा झटकावा, नंतर उलट टोकाने धरून तितकाच झटकावा. दाबल्याने आडवे पडलेले फास त्यामुळे उभे राहतात, त्यांच्यात हवा शिरते आणि टॉवेल मऊ वाळतो. धुण्याइतकीच महत्त्वाची ही एक मिनिटाची पायरी सर्वांत जास्त टाळली जाते.

टॉवेल दोरीवर मधोमध दुमडून टाकला, तर दोन पदर एकमेकांना चिकटतात आणि आतली बाजू ओली राहते. त्याऐवजी आखूड बाजूची चार-पाच बोटे दोरीवरून पलीकडे टाकून दोन चिमटे लावावेत आणि बाकीचा टॉवेल एकपदरी लोंबू द्यावा. उंची कमी असेल, तर दोन समांतर दोऱ्यांवर तो पसरावा. दोन टॉवेलांमध्ये वीतभर अंतर हवे. दोरी नायलॉनची किंवा प्लास्टिकचे आवरण असलेल्या तारेची असावी आणि ती दर वेळी ओल्या फडक्याने पुसावी. गंजलेल्या तारेचा डाग पडला, तर त्यावर लिंबाचा रस व मीठ लावून उन्हात ठेवावे आणि मग धुवावे. रंगीत टॉवेलवर हा उपाय आधी कोपऱ्यात करून पाहावा.

उन्हाइतकेच, किंबहुना जरा जास्तच, काम वारा करतो. वारा नसलेल्या कडक उन्हात टॉवेल वाळतो खरा, पण धाग्यांमधली शेवटची ओल त्यांना एकमेकांना चिकटवून जाते आणि टॉवेल ताठ होतो. हलत्या हवेत वाळलेला टॉवेल मऊ राहतो. उन्हाचा जंतुनाशक उपयोग आहेच, तेव्हा ऊन आणि वारा दोन्ही मिळेल अशी जागा पाहावी, अर्ध्या वाळणीत बाजू पालटावी आणि काढताना पुन्हा एकदा झटकावे. मार्च ते मे या काळात दुपारचे ऊन इतके असते, की टॉवेल दिवसभर गच्चीवर ठेवण्यात काहीच फायदा नाही. वाळला की लगेच काढावा, नाहीतर रंग उडतो आणि धागा कडक होतो.

हिवाळ्यात साताऱ्याकडे आणि कृष्णाकाठच्या गावांत सकाळी धुके असते, म्हणून टॉवेल ऊन वर आल्यावर बाहेर घालावेत आणि सूर्यास्ताआधी आत घ्यावेत. संध्याकाळच्या दवाने वाळलेला टॉवेल पुन्हा सर्द होतो आणि तसाच घडी घातला, तर कपाटभर वास पसरतो.

याच दिवसांत साखर कारखान्यांचा हंगाम चालू असतो. कारखान्याच्या आसपासच्या घरांत चिमणीची राख आणि पाचट पेटवल्यावर उडणारी काजळी दोरीवरच्या कपड्यांवर बसते. काळे कण दिसताच लोक ओल्या हाताने पुसतात आणि कण पसरून काळा पट्टा उमटतो. टॉवेल पूर्ण वाळू द्यावा, मग झटकावा, उरलेले कण कोरड्या मऊ ब्रशने हलकेच काढावेत आणि डाग राहिलाच तर तेवढ्याच भागाला साबण लावावा. शेजारी फड पेटणार असे कळले, तर त्या दिवशी टॉवेल धुऊच नयेत.

तपासणी: टॉवेल वाळला की नाही, हे मधल्या भागाला हात लावून ठरवू नये. काठाची घट्ट वीण आणि शिवण सर्वांत शेवटी वाळते. खालचा काठ गालाला लावावा. गार लागला, तर ओल आहे आणि टॉवेल अजून तासभर राहू द्यावा.

७. पावसाळ्यात

महाबळेश्वरला वर्षाला सरासरी 5,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि जावळी-पाटणचा डोंगराळ पट्टाही जून ते सप्टेंबर भिजलेलाच असतो. सांगलीत पाऊस त्या मानाने कमी, पण ढगाळ दिवस सलग येतात. अशा दिवसांत जाड टॉवेल बाजूला ठेवून सुती पंचे वापरावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. पंचा अंग चांगले टिपतो, घट्ट पिळता येतो आणि पंख्याखाली काही तासांत वाळतो. जाड टॉवेल हौसेने वापरायचा आणि आठवडाभर त्याचा वास सोसायचा, यात काही अर्थ नाही.

टॉवेलच वापरायचे असतील, तर सगळे एकदम न धुता एका दिवशी दोनच धुवावेत आणि पुढील क्रम पाळावा.

पहिल्यांदा दोनदा स्पिन करावे. दुसऱ्या वेळी टॉवेल उलगडून, झटकून पुन्हा बसवावेत, म्हणजे आतल्या घडीतले पाणीही निघते. मशिन नसेल, तर ओला टॉवेल कोरड्या चादरीवर पसरून दोन्हींची घट्ट गुंडाळी करावी आणि तिच्यावर गुडघ्याने दाब द्यावा. चादर बरेच पाणी शोषून घेते.

त्यानंतर छताच्या पंख्याखाली स्टँडवर टॉवेल एकपदरी पसरावेत. समोरासमोरच्या दोन खिडक्या थोड्या उघड्या ठेवाव्यात, कारण बंद खोलीत पंखा तीच दमट हवा फिरवत राहतो आणि भिंतींना बुरशी येते. टेबल फॅन असेल, तर त्याचा झोत खालच्या काठांकडे ठेवावा. दर दोन तासांनी बाजू बदलावी.

टॉवेल जवळजवळ वाळला आणि फक्त काठ दमट राहिले, तर तेवढ्या काठांवरून मध्यम गरम इस्त्री फिरवावी. संपूर्ण टॉवेलला इस्त्री करू नये, फास चपटे होतात.

सकाळी घातलेला टॉवेल रात्रीपर्यंत वाळला नाही आणि वास येऊ लागला, तर त्यावर अत्तर किंवा स्प्रे मारून उपयोग नाही. तो गरम पाण्यात पुन्हा धुवावा लागतो.

सावधान: पेटत्या गॅसच्या वर, बंबाजवळ किंवा रूम हीटरवर टॉवेल टाकून वाळवू नयेत. टॉवेल सरकून खाली पडला, तरी आग लागते.

८. घडी, ठेवण आणि रोजचा वापर

उन्हातून काढलेला गरम टॉवेल लगेच घडी घालून कपाटात रचू नये. पलंगावर अर्धा तास उलगडून ठेवावा आणि गार झाल्यावर घडी करावी. धुतलेले टॉवेल गठ्ठ्याच्या खाली ठेवून वरचे वापरायला घ्यावेत, म्हणजे सगळे सारखे फिरतात. टॉवेलमध्ये डांबराच्या गोळ्या ठेवू नयेत, त्यांचा वास आणि अंश थेट त्वचेला लागतो.

टॉवेल तीन-चार वापरांनंतर धुवावा, पावसाळ्यात आणि उन्हाळ्याच्या घामात त्याहूनही लवकर. पण दोन धुण्यांच्या मध्ये तो कसा ठेवला जातो, यावर बरेच अवलंबून आहे. न्हाणीघराच्या दारामागच्या खुंटीला गोळा करून अडकवलेला टॉवेल दुसऱ्या दिवशीही ओलाच असतो. अंघोळ झाल्यावर तो बाहेर, हवेशीर जागी, दांडीवर पूर्ण पसरून टाकावा.

मशिनकडेही लक्ष द्यावे. धुणे झाल्यावर झाकण उघडे ठेवावे, लव साठण्याची जाळी दर वेळी साफ करावी आणि महिन्यातून एकदा मशिन रिकामे, गरम पाण्यावर चालवावे. मशिनच्या रबरात कुबट वास असेल, तर टॉवेल कितीही नीट धुतला तरी तो वास उचलतो.

एखादा फास ओढून बाहेर आला, तर तो खेचू नये. कात्रीने लवीच्या पातळीवर कापावा, बाकीची वीण उसवत नाही. तिसऱ्या टप्प्यातील सोड्याची आणि आंबट पाण्याची प्रक्रिया जड पाण्याच्या घरांत दोन-तीन महिन्यांतून एकदा करावी आणि हलक्या पाण्याच्या घरांत थेंबांची तपासणी सांगेल तेव्हाच. ती करूनही टॉवेल पाणी टिपत नसेल आणि उजेडात धरल्यावर मधली वीण विरळ दिसत असेल, तर त्याचे फास झिजलेले आहेत. असा टॉवेल कापून फरशी पुसायला घ्यावा आणि अंगासाठी नवा आणावा.